चिंचपाड्यास थांबलेली मोटार

धुळ्याहून सुरतेकडे जाणारा राजमार्ग कुसुंबे, नेर, साक्री, दहिवेल ही गावे मागे टाकीत कोंडाईबारीच्या घाटाशी येतो, आणि तेथून प्रदेशाचे रूप एकाएकी पालटते. खानदेशातील कपाशीची उघडी शेते मागे राहतात. सागाची राने दिसू लागतात. कुडाच्या भिंती व कौलारू छपरे यांच्या लहान लहान वस्त्या टेकड्यांच्या कुशीत विसावलेल्या आढळतात. आम्ही गेलो तेव्हा कार्तिक संपत आला होता. रस्त्याच्या दोहो अंगांस तुरी पिवळ्या फुलोऱ्याने डवरल्या होत्या. नवापूर तालुक्याच्या या तुरीस भौगोलिक मानांकन लाभलेले आहे, हे ज्या गृहिणींनी तिची डाळ एकदा शिजवून पाहिली असेल त्यांना सांगावयास नको.

परंतु या प्रवासास आम्ही निघालो ते तुरीची फुले पाहण्यासाठी नव्हे. सुरतेस जुन्या मोटारींच्या हौशी मंडळींचा एक मेळावा भरावयाचा होता, आणि त्यासाठी आमच्या घरची सत्तरी उलटलेली एम. जी. मोटार तिच्याच पायांनी तेथवर न्यावयाची, असा आमच्या दादांचा हट्ट होता. मोटारीत जागा दोघांचीच. दादा आणि त्यांचे चिरंजीव पुढे तिच्यातून, व मी मागून नव्या गाडीतून, पाण्याचे डबे, हत्यारे आणि वहिनींनी दिलेल्या दशम्या सांभाळीत, असा आमचा काफिला होता. घाटाच्या माथ्यावर आम्ही जागा बदलल्या. दादांचे गुडघे दुखू लागले होते, म्हणून ते मागच्या गाडीत गेले आणि मी पुतण्याशेजारी येऊन बसलो.

ज्या वाचकांना या विषयाचा परिचय नसेल त्यांच्यासाठी मोटारीविषयी दोन शब्द सांगणे अवश्य आहे. एम. जी. म्हणजे मॉरिस गॅरेजेस. इंग्लंडात ऑक्सफर्ड येथे मॉरिस मोटारी विकण्याची व दुरुस्त करण्याची ही पेढी होती. तिचे व्यवस्थापक सेसिल किंबर यांनी १९२३-२४ च्या सुमारास साध्या मॉरिस मोटारींवर निराळे, देखणे साटे चढवून त्या विकण्यास आरंभ केला, आणि त्यातून एम. जी. हे नाव जगभर गेले. पुढे ॲबिंग्डन या गावी तिचा कारखाना निघाला. आमची मोटार ‘टी. सी.’ या जातीची. दुसरे महायुद्ध संपताच १९४५ मध्ये ही जात निघाली व १९४९ पर्यंत तिच्या सुमारे दहा हजार गाड्या तयार झाल्या. बांधा हलका, चाके उंच व तारांच्या आऱ्यांची, दिवे मोठे व बाहेर आलेले, अंगाचा सांगाडा ॲश नामक लाकडाचा आणि इंजिन १२५० घनसेंटीमीटरचे. ती अमेरिकेत गेली तरी तिचे सुकाणू उजव्या हातासच राहिले. आपल्या देशाला तर ते सोयीचेच होते. आमच्या तीर्थरूपांनी ती १९५१ साली मुंबईहून, मायदेशी परतणाऱ्या एका इंग्रज गृहस्थाकडून विकत घेतली. धुळ्यास त्यांचा दवाखाना होता, आणि साक्री-पिंपळनेरपर्यंतच्या रोग्यांकडे ते हीच मोटार हाकीत जात असत.

आता वादाचा मुद्दा सांगतो. कारण हा वाद घरात वर्षभर चालला होता आणि मेळाव्याच्या निमित्ताने तो अगदी ऐरणीवर आला होता. आमच्या मोटारीचे इंजिन मूळचे नाही. ते अँबॅसिडरचे आहे.

पुतण्या अभियंता असून कामानिमित्त तो काही वर्षे इंग्लंडात राहिलेला आहे. त्याचे मत असे की, मोटार कारखान्यातून ज्या रूपात बाहेर पडली त्याच रूपात तिचे जतन झाले पाहिजे. मूळ इंजिन आमच्या वाड्याच्या पडवीत एका सागवानी पेटीत पडून आहे. ते नीट करून परत बसवावे, आणि मधल्या काळातील सारी ‘ठिगळे’ काढून टाकावी. त्याच्या बाजूने कायदाही होता. १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांत २०२१ साली जी भर पडली, तीनुसार पन्नास वर्षांवरील खाजगी दुचाकी-चारचाकी वाहनांची ‘व्हिंटेज’ म्हणून स्वतंत्र नोंदणी होऊ शकते. तिचे प्रथम शुल्क २०,००० रुपये असून अशा वाहनांच्या क्रमांकपट्टीवर राज्याच्या अक्षरांनंतर ‘व्ही. ए.’ ही अक्षरे येतात. मात्र वाहन मूळ रूपात राखलेले असावे, आणि त्याची चौकट, साटा किंवा इंजिन यांत मोठा फेरबदल झालेला नसावा, अशी अट आहे. अँबॅसिडरच्या इंजिनासह आमची मोटार त्या अटीत बसण्याची आशा नव्हती.

दादांचे मत याहून निराळे. त्यांना पराक्रमाची हौस. ते म्हणत, “मूळ रूप, मूळ रूप काय घेऊन बसलास? त्या काळी ही गाडी घेतली की तरुण मंडळी तिचा जोर वाढवीतच असत.” आणि हे खोटे नव्हते. टी. सी. चा जोर कसा वाढवावा, याची पायरीपायरीने माहिती देणारी पुस्तिका एम. जी. कारखान्यानेच प्रसिद्ध केली होती. शॉरॉक या नावाचे सुपरचार्जर, म्हणजे हवा आणि इंधन यांचे मिश्रण दाबून इंजिनात अधिक भरणारे यंत्र, या मोटारींस बसविले जात असे. उंच चाके काढून सोळा इंची चाके घालणारेही पुष्कळ होते. अशा फेरबदलांस शौकिनांच्या परिभाषेत ‘तत्कालीन’ किंवा ‘काळाशी सुसंगत’ फेरबदल म्हणतात, आणि पुष्कळ ठिकाणी ते मान्य होतात. दादांनी मूळ इंजिन दुरुस्त करण्यास रुकार दिला होता, पण त्यावर जुन्या धर्तीचे, नव्याने घडविलेले सुपरचार्जर बसवावयाचे, अशा अटीवर! त्याची अर्धी रक्कम त्यांनी घरात कोणास न विचारता आगाऊ भरूनही टाकली होती.

राहता राहिलो मी. माझे मत कोणी विचारले नव्हते, आणि खरे सांगावयाचे तर ते मलाही ठाऊक नव्हते. इतकेच वाटे की, ज्या इंजिनाच्या आवाजाने आमचे बालपण भरलेले होते, त्यास ‘ठिगळ’ म्हणू नये.

घाट उतरून विसरवाडी मागे पडली आणि ठरल्याप्रमाणे आम्ही चिंचपाड्यास थांबलो. येथे थांबण्यास कारण होते. तीर्थरूपांनी मोटारीची एक वही ठेवली होती, दवाखान्यात रोग्यांची ठेवीत तशीच. तारीख, लक्षण, कारण, उपाय, असे रकाने आखलेले. त्या वहीत १९६३ च्या मे महिन्यातील एक नोंद आहे. रेडिएटरची रबरी नळी घाटात फाटली; ते लक्षात येईपर्यंत पाणी वाहून गेले; पुढे आडोशाला मोटार उभी करून त्यांनी तापलेल्या इंजिनात विहिरीचे थंड पाणी घाईने ओतले, आणि ओतीव लोखंड तडकले. कारणाच्या रकान्यात त्यांनी एकच शब्द लिहिला आहे: “उतावीळ.” मग बैलांकरवी मोटार चिंचपाडा स्थानकावर ओढत नेली आणि तेथून ती मालगाडीच्या वाघिणीत चढवून परत पाठविली. इतकी वर्षे हे नाव आम्ही वहीत वाचीत आलो होतो. गाव मात्र कधी पाहिले नव्हते.

गाव म्हणजे चिंचेचा पाडा. पाडा ही या भागातील वस्तीची रीत. मावची, कोकणी, भिल्ल मंडळींची घरे शेतांच्या आश्रयाने विखुरलेली. घरात बोली मावची अथवा भिली, बाजारात मराठी, आणि हद्द जवळ असल्यामुळे गुजराथीही तितकीच सहज. १ जुलै १९९८ रोजी नंदुरबार जिल्हा निराळा झाला. त्यापूर्वी हा सारा मुलूख धुळे जिल्ह्यात मोडत असे. येथे ख्रिस्ती मिशनचे जुने रुग्णालय आहे, आणि दूरदूरच्या पाड्यांतील रोगी तेथे येतात. वडील डॉक्टर असल्यामुळे त्याच्या फाटकासमोर दादा क्षणभर टोपी काढून उभे राहिले.

रेल्वे स्थानकावर आम्ही गेलो. हा लोहमार्ग तापी खोरे रेल्वेचा. किलिक निक्सन या मुंबईच्या पेढीच्या व्यवस्थेखाली तो १९०० च्या सुमारास सुरू झाला. आज तो पश्चिम रेल्वेत आहे. येथून पश्चिमेस नवापूरचे स्थानक लागते, ज्याच्या फलाटाचा एक भाग महाराष्ट्रात व दुसरा गुजराथेत येतो. चिंचपाड्याचा फलाट तसा साधाच. मार्ग दुहेरी झाला आहे, माथ्यावर विजेच्या तारा आल्या आहेत. रूळ, स्लीपर, खडी, खुणेचे खांब, यांपैकी १९०० सालचे काय शिल्लक असेल ते देव जाणे. तरीही “वडिलांनी मोटार चढविली तो हाच मार्ग,” असे दादा म्हणाले, तेव्हा आम्हा तिघांपैकी कोणालाही त्यात काही चूक वाटली नाही. पुतण्यालाही नाही. ही गोष्ट मी मनात नोंदवून ठेवली.

परत येऊन पाहतो तो मोटारीखाली पाण्याचे थारोळे! क्षणभर आम्ही एकमेकांच्या तोंडाकडे पाहिले. साठ वर्षांनी त्याच गावी, त्याच मोटारीतून पुन्हा पाणी गळावे, या योगायोगाचे हसू यावे की भय वाटावे, ते कळेना. या वेळी नळी शाबूत होती. इंजिनात पाणी फिरविणारा पंप झिजला होता. पंखा हाताने हलविला तर दांडा खडखडे व त्याच्या मुळातून धार लागे. पुतण्याने हत्यारे काढली, पण नवा पंप आणावा कोठून?

रस्त्याच्या कडेस ट्रॅक्टर व विहिरीवरची पाणी ओढण्याची इंजिने दुरुस्त करणाऱ्या एका मिस्त्रीचे दुकान होते. वय साठीच्या पुढचे. अंगात तेलकट सदरा. तो आला, त्याने मोटारीभोवती एक फेरी मारली, चाकाच्या तारांना बोट लावून पाहिले, आणि मग पुतण्याने झाकण उचलताच त्याचा चेहरा उजळला.

“अहो दादा, वरून साहेबी दिसते, पण मशीन तर अँबॅसिडरची! व्याऱ्याला टॅक्सीच्या ग्यारेजात बारा वर्षे मी हीच खोलली.”

त्यानंतर त्याने आम्हास काही विचारले नाही. नवापूरला फोन केला. जुन्या मालाच्या दुकानात अँबॅसिडरचा एक पंप पडून असल्याचे कळले. त्याचा नातू दुचाकीवरून तो आणावयास गेला. तोवर मिस्त्रीने पाणी काढले, रेडिएटर सोडविला आणि पंप उतरविला. त्याचे पाने प्रत्येक बोल्टास बिनचूक बसत होते. पुतण्या शेजारी उकिडवा बसून पाहत होता. थोड्या वेळाने तो मला हळूच म्हणाला, “काका, पेटीतल्या इंजिनाला यांचा एकही पाना नीट बसला नसता.”

यातील मर्म असे. टी. सी. चे मूळ इंजिन मॉरिसच्या एका इंजिनावरून वाढविलेले. त्याची परंपरा मागे हॉचकिस या फ्रेंच पेढीच्या यंत्रसामग्रीशी जाऊन पोहोचते. त्यामुळे त्याच्या बोल्टांचे आटे फ्रेंच मापाचे आणि डोकी मात्र इंग्रजी व्हिटवर्थ मापाची! असे बोल्ट ॲबिंग्डनच्या कारखान्यातच शोभत. खानदेशात १९६३ साली ते मिळणे म्हणजे आकाशपुष्प. १९५७ पासून परकीय चलनाची टंचाई, आयातीवर कडक निर्बंध, वर नुकतेच झालेले चीनचे युद्ध. विलायतेहून इंजिनाचा ओतीव भाग मागविण्याचा परवाना एका दवाखान्याच्या डॉक्टरला कोण देणार? म्हणून तीर्थरूपांनी अपघातात मोडलेल्या एका अँबॅसिडरचे इंजिन घेतले. वहीत त्याचे कारण दिले आहे: “कोठेही बंद पडली तरी तेथील माणसास दुरुस्त करता यावी.” ही कोठेही बंद पडलेली मोटार आणि तेथील माणूस, ही दोन्ही त्या दुपारी आमच्या डोळ्यांपुढे होती.

आणखी एक गंमत आहे. अँबॅसिडर म्हणजे मुळात इंग्लंडातील मॉरिस ऑक्सफर्ड. १९५७ पासून ती कलकत्त्याजवळ उत्तरपाड्यास तयार होऊ लागली व २०१४ साली बंद झाली. १९५९ च्या सुमारास तिला जे १४८९ घनसेंटीमीटरचे इंजिन मिळाले, ते ज्या घराण्यातील, त्याच घराण्यातील त्याच मापाचे इंजिन एम. जी. कारखान्याने १९५५ साली काढलेल्या आपल्या ‘एम. जी. ए.’ या मोटारीस, दोन कार्ब्युरेटर लावून, बसविले होते. तेव्हा वडिलांनी केलेला संबंध अगदीच विजातीय नव्हता. गोत्र एकच, मॉरिस. शाखा तेवढ्या निराळ्या. आणि एम. जी. चा जन्मच जर साध्या मॉरिसवर केलेल्या फेरबदलातून झाला असेल, तर फेरबदलास तिच्या कुळात कलंक कोणी म्हणावे?

चिंचेच्या सावलीत दशम्या सोडून आम्ही बसलो आणि वाद पुन्हा सुरू झाला. पण त्याचा सूर आता बदलला होता. पुतण्याने स्वतःच एक खटला सांगितला. बेंटली कंपनीची ‘ओल्ड नंबर वन’ या नावाची शर्यतीची मोटार १९२९ व १९३० अशी लागोपाठ दोन वर्षे फ्रान्समधील ल मान्सची चोवीस तासांची शर्यत जिंकली. पुढे तिच्यात मोठे इंजिन आले. १९३२ मध्ये ब्रुकलँड्सच्या मार्गावर तिला अपघात होऊन क्लाइव्ह डनफी हा चालक दगावला. नंतर तिच्यावर बंद साटा चढला. १९९० साली ती एक कोटी पौंडांस विकण्याचा सौदा झाला. घेणारे म्हणाले, ‘ही ती नव्हेच, तिच्यात मूळचे उरले आहे काय?’ प्रकरण लंडनच्या उच्च न्यायालयात गेले. न्यायमूर्ती ऑटन यांनी निवाडा दिला तो मार्मिक आहे. जशी निघाली तशी ती राहिलेली नाही, म्हणून तिला ‘मूळ’ म्हणता येणार नाही. परंतु तिचे अस्तित्व कधी खंडित झाले नाही, एकातून दुसरे असे बदल होत ती आजवर आली, म्हणून ती ‘खरी’ आहे. सौदा पाळावा लागला.

“मग तुझे म्हणणे गेले,” दादा हसत म्हणाले.

“नाही गेले, आबा,” पुतण्या म्हणाला. “खरी असणे वेगळे, मूळ असणे वेगळे, एवढेच ठरले. आणि मूळ एकदाच असते. उद्या सगळ्यांनी आपापल्या सोयीने बदल केले, तर ॲबिंग्डनच्या कामगारांनी रंग कसा दिला, लाकूड कसे जोडले, हे पुढच्या माणसाने कोठे पाहावे?”

हा मुद्दा वजनदार आहे, आणि तो मी मान्य करतो. ज्या मोटारीस कोणाचा हात लागलेला नाही, ती एखाद्या शिलालेखासारखी आहे. तिच्यावर टाकी चालविणे हा अपराधच. पण आमची मोटार शिलालेख नव्हे. ती पोथी आहे. पिढ्यांनी वापरलेली, समासात टीपा असलेली. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने महाभारताची चिकित्सक आवृत्ती १९१९ मध्ये हाती घेऊन १९६६ मध्ये पुरी केली, हे वाचकांस ठाऊक आहेच. डॉ. वि. सी. सुखटणकर आदी पंडितांनी शेकडो हस्तलिखिते ताडून पाहिली आणि जे जुन्यात जुने ठरले ते वर छापले. पण मागाहून आलेले श्लोक त्यांनी जाळले काय? नाही. ते तळटीपांत व परिशिष्टांत जपून ठेवले. कोणत्या प्रतीत कोणता श्लोक आहे, तेही नमूद केले. प्रक्षेप हा मूळ नव्हे; तथापि तोही कोणा काळाची, कोणा प्रदेशाची साक्ष देतो. पंडितांना दोष वाटेल तो केवळ एकाच प्रकारच्या माणसाचा: जो आज श्लोक रचतो आणि तो व्यासांच्या नावावर खपवितो.

मी हे बोललो आणि बोलता बोलता माझे मत मलाच प्रथम उमगले. दादांचे सुपरचार्जर पुस्तकांच्या दृष्टीने ‘काळाशी सुसंगत’ खरे; पण ते त्या काळाशी सुसंगत, आमच्या मोटारीच्या आयुष्याशी नव्हे. ती शर्यतीत कधी धावली नाही. ती बाळंतपणांना, विषमज्वराला, सर्पदंशाला धावली. तिला आज शर्यतीचा मुखवटा चढविणे म्हणजे आजोबांच्या तसबिरीत त्यांनी न मिळविलेली पदके रंगविणे होय. उलट, अँबॅसिडरचे इंजिन कोणत्याही विलायती यादीत ग्राह्य ठरणार नाही. परंतु त्या सालात, या मुलखात, या मोटारीच्या धन्याला जे करणे प्राप्त होते तेच ते आहे. फेरबदल कोणत्या सालच्या धाटणीचा, हे पाहून भागत नाही. तो खरोखरच त्या वेळी, त्या गरजेने झाला काय, हे पाहावे लागते.

दादा बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, “आगाऊ दिलेले पैसे बुडाले म्हणायचे.” एवढे बोलून त्यांनी दशमीचा उरलेला तुकडा तोंडात टाकला. त्यांच्या या एका वाक्यात त्यांची सारी माघार होती, आणि आम्ही दोघांनीही ती ऐकून न ऐकल्यासारखी केली.

पुतण्याने मग टुरिनच्या सनदेची गोष्ट काढली. जुन्या वाहनांच्या संघांचा ‘फिवा’ म्हणून एक जागतिक महासंघ आहे. त्याने २०१२ मध्ये ही सनद मान्य केली. वास्तूंच्या जतनासाठी १९६४ साली व्हेनिस येथे जी सनद झाली, तिच्याच धर्तीवर ही रचलेली आहे. तिचा आशय असा की, वाहनाच्या वापराच्या काळात त्यात झालेले बदल हाही त्याच्या इतिहासाचा भाग असतो, ते सरसकट पुसू नयेत. जे काही नवे करावे लागेल ते ओळखू यावे, शक्य तर पुन्हा काढता यावे, आणि त्याची लेखी नोंद राहावी. हे सांगता सांगता तो थबकला व माझ्याकडे पाहू लागला. आम्हा दोघांच्याही मनात एकाच वेळी ती वही आली होती.

कारण त्या वहीत हे सगळे आहे. १९५८: डाव्या दाराचा खांब वाळवीने गेला, ॲश मिळत नाही, म्हणून सागवान घातले, जुना तुकडा माळ्यावर ठेवला आहे. १९६३: इंजिन बदलले, चौकटीस नवे भोक पाडले नाही, आधारपट्ट्या निराळ्या करून मूळच्या भोकांतच बसविल्या, जुने इंजिन तेल लावून पेटीत. १९६६: वळण दाखविणारे दिवे लावले, जुन्या तारा कापल्या नाहीत. चौकटीस हात लावला नाही, जुने टाकले नाही, केलेले लपविले नाही. व्हेनिसच्या मंडळींनी सनद लिहिली त्याच्या एक वर्ष आधी धुळ्यातील एका डॉक्टराने ती आचरून ठेवली होती, आणि आम्ही तिच्या फळास ठिगळे म्हणत होतो.

इतक्यात दुचाकी आली. नवा पंप धुळीने माखलेला, पण खोक्यातला. मधले गॅसकेट मात्र त्यासोबत नव्हते. मिस्त्रीने जाड कागद तोंडावर धरून लहान हातोडीने कडेकडेने ठोकीत त्याचा हुबेहूब घाट काढला. पाच मिनिटांत गॅसकेट तयार. संध्याकाळी चारच्या सुमारास इंजिन सुरू झाले आणि पाण्याचा थेंब गळेना. मजुरी सांगताना त्याला संकोच वाटत होता. दादांनी त्यास आग्रहाने जास्त देऊ केले, ते त्याने अर्धेच घेतले. मग झिजलेला पंप कापडात गुंडाळून पुतण्याच्या हाती ठेवीत तो म्हणाला, “जुना माल घरी न्या. आमच्याकडे गिऱ्हाइकाचा जुना पार्ट ठेवून घेत नाहीत.”

पुतण्याने तो दोन्ही हातांनी घेतला.

मेळाव्याचे वृत्त थोडक्यात सांगतो, कारण त्यात सांगण्यासारखे थोडकेच आहे. परीक्षकांनी झाकण उघडले, इंजिन पाहिले आणि मंद हसून पुढील गाडीकडे वळले. बक्षीस मिळाले नाही. ‘व्ही. ए.’ क्रमांकाचा अर्जही आम्ही केलेला नाही. त्या वर्गातील वाहन प्रदर्शने, मेळावे, दुरुस्ती, इंधन भरणे अशा कारणांपुरतेच रस्त्यावर आणता येते. आमची मोटार साध्या नोंदणीवर, दर पाच वर्षांनी तपासणीस नेत, चालू राहील. नियम करणाऱ्यांस आमचा दोष देण्याचा हेतू नाही. मूळ म्हणजे काय याची कोठेतरी रेघ ओढावी लागते. फक्त, वापराच्या काळात झालेला व कागदोपत्री सिद्ध करता येणारा बदल आणि काल परवा केलेला बदल, या दोहोंत फरक करण्यास त्या रेघेच्या पलीकडे थोडी जागा असावी, असे आम्हांस वाटते. या देशातील पुष्कळ जुन्या मोटारी अशाच कोणाच्या तरी गरजेवर जगल्या आहेत. त्या सर्वांची ठिगळे उसवली, तर विलायतेत शेकड्यांनी असलेल्या गाड्यांसारख्या आणखी काही गाड्या आपल्यापाशी होतील, आणि जे केवळ येथेच होते ते नाहीसे होईल.

पेटीतील इंजिन मात्र आता पेटीत राहणार नाही. तडकलेले ओतीव लोखंड सांधण्याची नवी पद्धत निघाली आहे; पुतण्या ते काम करून घेणार आहे. इंजिन दुरुस्त होऊन मोटारीशेजारी घडवंचीवर उभे राहील. पुढच्या पिढीतील कोणास ते परत बसवावेसे वाटले, तर भोके तीच आहेत. हा निर्णय त्याचा. आणि मी त्याचे मत पुरते बदलले, असा दावा मी करीत नाही. मूळ ते मूळ, हे तो आजही म्हणतो.

सुरतेहून परतल्यावर एके रात्री पाहतो तो वही टेबलावर उघडी होती. तीर्थरूपांच्या अखेरच्या नोंदीनंतर कितीतरी पाने कोरी गेली होती. वडील गेल्यापासून मोटारीस आम्ही काय काय केले ते आम्हा दोघा भावांपैकी कोणी लिहिलेच नव्हते. प्रक्षेप कोणाचा ते न सांगणारे आम्हीच. त्या कोऱ्या पानाखाली पुतण्याच्या बारीक अक्षरात रकाने आखलेले होते. ठिकाण: चिंचपाडा. लक्षण: पाणी गळणे. कारण: पंपाचे वय. उपाय: अँबॅसिडरचा पंप, गॅसकेट हाताने कापलेले. जुना पंप माळ्यावर, सागवानी पेटीशेजारी.

आणि त्याखाली, रकान्याच्या बाहेर, मिस्त्रीचे नाव.